‘हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही’: जुन्या मोबाइलसाठी दार कोण बंद करतं?

ऑगस्ट २०२१. महाराष्ट्रात एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या.

१५ ऑगस्टला राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. तोवर शेतात कोणतं पीक उभं आहे, याची नोंद तलाठी गाव नमुना बारामध्ये करायचे. आता ती शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून करायची होती. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीक पेरा’ अशी घोषणाही होती.

त्याच महिन्यात राज्यातल्या अंगणवाडी सेविका सरकारनं दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत करत होत्या. ज्या ॲपमध्ये माहिती भरायची सक्ती होती, ते त्या मोबाइलवर धड चालत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

म्हणजे एकीकडे सरकार शेतकऱ्याला मोबाइल हातात घ्या म्हणून सांगत होतं आणि दुसरीकडे सरकारनंच वाटलेले मोबाइल कामाचे राहिले नव्हते. दोन्हीच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. नवं ॲप जुन्या फोनवर कुठवर चालवायचं आणि ते कुणी ठरवायचं?

सॉफ्टवेअरच्या जगात याला ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ म्हणतात. नवीन बनवलेली गोष्ट जुन्या यंत्रणेवरही चालावी, यासाठी केलेली सोय. वरवर पाहता हा इंजिनिअर मंडळींचा विषय. पण अनुदान, पीकविमा आणि पोषण आहाराचा रस्ता ॲपमधून जायला लागला, की तो सगळ्यांचा विषय होतो.

अंगणवाडी सेविकांनी मोबाइल का परत केले?

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं पोषण अभियान सुरू केलं. लाभार्थ्यांची माहिती कागदी रजिस्टरऐवजी मोबाइलवर भरायची ठरली आणि त्यासाठी अंगणवाडी सेविकांना स्मार्टफोन देण्यात आले. महाराष्ट्रात मिळालेल्या फोनची रॅम २ जीबी होती. तेव्हा ‘कॅस’ या नावानं ओळखलं जाणारं ॲप वापरात होतं.

१ मार्च २०२१ रोजी केंद्रानं त्याजागी ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आणलं. ॲप बदललं, फोन मात्र तेच राहिले. फोन गरम होतो, हँग होतो, साठवणुकीची जागा पुरत नाही, दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. अनेक सेविकांनी घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन वापरून काम भागवलं. २० फेब्रुवारी २०२३ पासून झालेल्या राज्यव्यापी संपातही नवा मोबाइल ही एक मागणी होती.

पुढे नवे फोन आले. पण १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा पोषण आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची पद्धत बंधनकारक झाली. त्यासाठी कॅमेरा, प्रोसेसर आणि नेटवर्क या तिन्हींवर जास्त भार पडतो. ॲपची भूक दरवर्षी वाढते आणि फोनची ताकद विकत घेतल्या दिवशी होती तेवढीच राहते. नवे फोन वाटल्यानं हा प्रश्न काही वर्षं पुढे जातो, मिटत नाही.

ॲप जुन्या फोनवर का चालत नाही?

सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं वेळापूर घेऊ. अकलूज आणि पंढरपूरच्या मधलं, पालखी मार्गावरचं हे गाव. समजा, इथल्या एका शेतकऱ्याकडे २०१७ साली घेतलेला फोन आहे आणि त्यावर अँड्रॉइड ७.० आहे. फोन लागतो, व्हॉट्सॲप चालतं, फोटोही निघतात. मग एखादं ॲप त्याला नाही का म्हणतं?

ॲप एकट्यानं काहीच करत नाही. फोटो हवा असेल तर ते अँड्रॉइडकडे कॅमेरा मागतं, शेताची जागा हवी असेल तर जीपीएस मागतं, फोटो ठेवायला जागा मागतं. ही मागणी करण्याची पद्धत अँड्रॉइडच्या जवळपास प्रत्येक नव्या आवृत्तीत थोडी बदलते. अँड्रॉइड ६ पासून कॅमेरा किंवा लोकेशनची परवानगी ॲप वापरताना विचारावी लागते. त्याआधी ती इन्स्टॉल करतानाच एकगठ्ठा दिली जायची. अँड्रॉइड १० आणि ११ मध्ये फोनमधल्या फायली कुठे आणि कशा ठेवायच्या याचे नियम बदलले. अँड्रॉइड १२ पासून ॲपला नेमकं ठिकाण द्यायचं की अंदाजे, हे निवडायची मुभा वापरणाऱ्याला मिळाली.

हा शेवटचा बदल खासगीपणासाठी चांगला आहे. पण पीक पाहणीत तो अडचणीचा ठरू शकतो. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ई-पीक पाहणीत फोटो काढण्याची जागा गटाच्या मध्यबिंदूपासून किती लांब आहे हे तपासलं जातं. शेतकऱ्यानं चुकून ‘अंदाजे’ निवडलं, तर तो बांधावर उभा असूनही फोनच्या मते भलतीकडेच असेल. म्हणजे अडचण जुन्या फोनवरच येते असं नाही. सात-आठ आवृत्त्यांचे सात-आठ स्वभाव सांभाळायचे असतात, हे खरं दुखणं आहे.

म्हणून ॲप बनवणाऱ्याला दोन आकडे ठरवावे लागतात.

पहिला आकडा किमान आवृत्तीचा. यापेक्षा जुनं अँड्रॉइड असेल, तर ॲप फोनमध्ये येणारच नाही. हा आकडा ॲप बनवणारा ठरवतो.

दुसरा आकडा लक्ष्य आवृत्तीचा. अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीचे नियम पाळून ॲप बनवलं आहे, हे तो सांगतो. यावर गुगलची सक्ती आहे. प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा अपडेट टाकायचं तर ३१ ऑगस्ट २०२४ पासून लक्ष्य अँड्रॉइड १४, तर ३१ ऑगस्ट २०२५ पासून अँड्रॉइड १५ असावं लागतं. मागितल्यास १ नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ मिळते.

या दोन आकड्यांची अनेकदा गल्लत होते. ‘गुगलनं नवा नियम आणला म्हणून जुने फोन बंद करावे लागले’ असं कुणी सांगितलं, तर ते पूर्ण खरं नसतं. लक्ष्य अँड्रॉइड १५ ठेवूनही किमान आवृत्ती ६ किंवा ७ ठेवता येते. गुगल वरची पातळी ठरवतं. खाली कुठवर जायचं, हा निर्णय ॲपच्या मालकाचा असतो.

तारीखही लक्षात घ्या. खरिपाची शेतकऱ्यांनी करायची पीक पाहणी साधारण १ ऑगस्टला सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. गुगलची वार्षिक मुदत नेमकी त्याच्या मधोमध, ऑगस्टअखेरीस येते. कॅलिफोर्नियातल्या कंपनीला आपला खरीप माहीत असण्याचं कारण नाही. पण ॲप चालवणाऱ्या खात्याला दोन्ही तारखा आधीपासून माहीत असतात. हे काम जूनच्या आत उरकता येतं.

मग डेव्हलपर जुन्या आवृत्त्या सोडून का देतात?

आळस हे त्याचं एकमेव उत्तर नाही. तीन खरी कारणं आहेत.

एक, खर्च. प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी कोडमध्ये ‘फोन असा असेल तर हे कर, तसा असेल तर ते कर’ अशा फांद्या फुटतात. प्रत्येक फांदी तपासावी लागते, तीही खऱ्या जुन्या फोनवर. कारण संगणकावरच्या नकली फोनमध्ये भरलेली मेमरी, थकलेली बॅटरी आणि गावातलं नेटवर्क नसतं.

दोन, आधारच निघून जाणं. आज कुणीही ॲप पहिल्या विटेपासून बांधत नाही. नकाशे, लॉगिन, नोटिफिकेशन यासाठी तयार कोडच्या लायब्ररी वापरल्या जातात. त्या लायब्ररी स्वतःची किमान पातळी वाढवतात आणि त्यामागे ॲपला जावं लागतं. गुगल प्ले सर्व्हिसेसनं ऑगस्ट २०२३ मध्ये अँड्रॉइड ४.४ चा आधार काढला. तेव्हा असे फोन १ टक्क्याहून कमी उरल्याचं गुगलनं सांगितलं होतं. क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्यांना डिसेंबर २०२३ पासून किमान अँड्रॉइड ८ लागतं. म्हणजे वेळापूरच्या त्या ७.० वाल्या फोनवरचं क्रोम तिथेच थांबलं.

तीन, सुरक्षा. हे सर्वांत वजनदार कारण. कंपनीनं सुरक्षा अपडेट देणं थांबवलेल्या फोनमधल्या त्रुटी कायम उघड्या राहतात. बँकेच्या ॲपनं अशा फोनला नकार देणं समजण्यासारखं आहे. स्वस्त अँड्रॉइड फोनना वर्ष-दोन वर्षंच अपडेट मिळायचे, हे या दुखण्याचं मूळ. २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ मध्ये आलेलं आयओएस १५ मिळालं होतं. त्याच काळातल्या सहा-सात हजारांच्या अँड्रॉइड फोनच्या नशिबी ते नव्हतं. जो महाग फोन घेतो त्याचा फोन उशिरा जुना होतो, हे इथलं गणित आहे.

एका प्रमाणपत्रानं कोट्यवधी फोन अडकणार होते, तेव्हा काय झालं?

जुन्या फोनना सांभाळून घ्यायचं ठरवलं तर काय होऊ शकतं, याचं एक चांगलं उदाहरण आहे.

एखादी वेबसाइट किंवा ॲपचा सर्व्हर खरा आहे की नाही, हे फोन डिजिटल प्रमाणपत्रावरून ओळखतो. कोणत्या संस्थांच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा, याची यादी फोनमध्ये आधीच भरलेली असते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा संस्था अशी प्रमाणपत्रं मोफत देते आणि जगभरातल्या असंख्य वेबसाइट ती वापरतात. पण या संस्थेचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासूनच्या यादीत आहे. त्याआधीचे फोन तिला ओळखत नव्हते. एका जुन्या संस्थेच्या शिफारशीवर काम चाललं होतं आणि ती शिफारस सप्टेंबर २०२१ मध्ये संपणार होती.

नोव्हेंबर २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टनं हे उघडपणे जाहीर केलं. त्यावेळी ३३.८ टक्के अँड्रॉइड फोन ७.१ पेक्षा जुने होते. म्हणजे दर तीनांतला एक फोन.

संस्थेला ‘फोन बदला’ म्हणून मोकळं होता आलं असतं. तसं न करता त्यांनी अँड्रॉइडच्या एका सवयीचा उपयोग केला. यादीतल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का, हे अँड्रॉइड तपासत नाही. त्यामुळे त्याच जुन्या संस्थेकडून नवी शिफारस घेऊन त्यांनी तीन वर्षं मिळवली. ती मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. तोवर बरेच जुने फोन आपोआप वापरातून गेले होते. उरलेल्यांसाठी फायरफॉक्ससारखा, विश्वासाची यादी स्वतःजवळ बाळगणारा ब्राउझर हा पर्याय होता.

यात तीन गोष्टी झाल्या. किती लोक अडकणार हे मोजलं गेलं, ते आधी सांगितलं गेलं आणि बाहेर पडायला वेळ व दुसरा रस्ता दिला गेला. आपल्या चर्चेसाठी हे तीन मुद्दे लक्षात ठेवायला हवेत.

जुन्या फोनसाठी तांत्रिकदृष्ट्या काय करता येतं?

बरंच काही. आणि यातलं फारसं काही नवं नाही.

नवी सोय नसेल तिथे साधी सोय देता येते. उदाहरणार्थ, चेहरा ओळखणं जमत नसेल तर ओटीपी. फोटो फोनमध्येच लहान करून पाठवता येतो. नेटवर्क नसताना माहिती फोनमध्ये साठवून नंतर अपलोड करता येते. पीक पाहणीसारख्या कामाला तर याशिवाय गत्यंतर नाही, कारण शेतात रेंज असेलच असं नाही.

जुन्या फोनसाठी ॲपची शेवटची चालणारी आवृत्ती प्ले स्टोअरवर ठेवता येते. नव्या फोनला नवी आणि जुन्याला जुनी मिळते. पण त्यासाठी सर्व्हरनंही जुन्या ॲपशी बोलणं चालू ठेवावं लागतं. गाडी बहुतेकदा इथे अडते. सर्व्हर बदलला की ॲप उघडताच ‘अपडेट करा’ अशी पाटी येते. अपडेट करायला गेलं की प्ले स्टोअर म्हणतं, तुमच्या फोनसाठी उपलब्ध नाही. जुनं चालत नाही आणि नवं मिळत नाही, अशी कोंडी होते.

या कोंडीचा एक धोका वेगळा सांगायला हवा. प्ले स्टोअरनं नाही म्हटलं की लोक व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘एपीके’ फाइल शोधतात. सरकारी योजनांच्या नावानं अशा बनावट फायली पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार राज्यात घडले आहेत. म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली बंद केलेलं दार माणसाला जास्त असुरक्षित रस्त्यावर ढकलू शकतं.

गावात याचा फटका नेमका कुणाला बसतो?

घरात नवा फोन आला की तो बहुधा मुलाकडे जातो आणि मुलाचा जुना फोन वडिलांकडे किंवा आईकडे. सातबारा मात्र बऱ्याच घरांत वडिलांच्याच नावावर असतो. कागदावरचा हक्क एकाच्या नावावर आणि तो मिळवायचा चालू फोन दुसऱ्याच्या खिशात, अशी ही वाटणी आहे. मुलगा पुण्याला कामाला असेल, तर तो फोनही शेतात नसतो.

पीक पाहणीची नोंद नसली तर काय होतं, हे २०२४ मध्ये दिसलं. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना सरकारनं अर्थसाहाय्य जाहीर केलं. ०.२ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १,००० रुपये आणि त्याहून जास्त क्षेत्राला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. अट होती ई-पीक पाहणीतल्या नोंदीची. पीक घेतलं, पण ॲपमध्ये नोंद नाही, असे शेतकरी बाहेर राहिले. सोलापूर जिल्ह्यात बार्शीसारख्या सोयाबीनच्या पट्ट्यात हा प्रश्न थेट पैशांचा होता. ओरड झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ही अट शिथिल करून सातबाऱ्यावरची नोंद ग्राह्य धरण्याचं जाहीर झालं.

नोंद राहून जाण्यामागे जुना फोन हे एकच कारण नव्हतं. सर्व्हर, नेटवर्क, माहिती नसणं, मुदत चुकणं, अशी कितीतरी कारणं असतात. पण या घटनेनं एक गोष्ट दाखवून दिली. शेतात पीक होतं, ॲपमध्ये नव्हतं, आणि सुरुवातीला सरकारनं ॲपवर विश्वास ठेवला.

सरकारनं दुसरं दार ठेवलं आहे का?

काही प्रमाणात ठेवलं आहे. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे शेजाऱ्याच्या फोनवरून काम होऊ शकतं. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या गटांची नोंद गावातल्या सहायकांनी करायची, अशीही व्यवस्था आहे. ही सोय किती महत्त्वाची आहे, हे वरच्या चर्चेनंतर लक्षात येईल. सहायकाच्या हातातला एक चालू फोन गावातल्या शंभर जुन्या फोनची उणीव भरून काढू शकतो.

पैशांच्या व्यवहारातही असा विचार झालेला आहे. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ‘यूपीआय १२३पे’ आणलं, ते बटणांच्या साध्या फोनसाठी. यूपीआयसारख्या आधुनिक व्यवस्थेला साध्या फोनसाठी वेगळं दार काढता येतं, तर इतर सेवांनाही येईल.

मात्र किमान आवृत्तीचा निर्णय आजही कंत्राटदार कंपनी किंवा तांत्रिक पथकाच्या पातळीवर होतो आणि लोकांना तो प्ले स्टोअरवरच्या एका ओळीतून कळतो. रेशनच्या यादीतून नाव वगळायचं तर नोटीस लागते. ॲपमधून फोन वगळायला काहीच लागत नाही. खासगी गेमच्या बाबतीत हे चालून जाईल. हक्काचा एकमेव रस्ता असलेल्या ॲपच्या बाबतीत हा धोरणात्मक निर्णय आहे आणि तो तसाच घ्यायला हवा. म्हणजे किमान चार गोष्टी. किती वापरकर्ते अडकतील याचा आकडा जाहीर करणं, हंगामाच्या मध्ये बदल न करणं, काही महिने आधी मराठीत सूचना देणं आणि दुसरा रस्ता सुरू झाल्याशिवाय पहिला बंद न करणं. वापरकर्त्याच्या फोनची आवृत्ती ॲपला कळतेच, त्यामुळे आकडा काढणं अवघड नाही.

तोवर तुम्ही काय करू शकता?

- फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ किंवा ‘फोनविषयी’ इथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहून ठेवा.
- हंगाम सुरू व्हायच्या आधीच ॲप इन्स्टॉल होतं का ते तपासा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.
- साठवणुकीची जागा भरली असेल तर व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ काढून टाका. अनेकदा अडचण आवृत्तीची नसते, जागेची असते.
- फोन अँड्रॉइड १२ किंवा पुढचा असेल तर पीक पाहणीच्या ॲपला ‘नेमकं’ लोकेशन द्या.
- ॲप काढून टाकण्यापूर्वी आधीची माहिती अपलोड झाली आहे का ते बघा.
- फोन चालतच नसेल तर ओळखीच्या माणसाच्या फोनवरून नोंद करा किंवा तलाठी कार्यालयात गावच्या सहायकाची चौकशी करा. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल मात्र कुणीही पाठवली तरी उघडू नका.

आणि नोंद होऊ शकली नाही, तर मुदत संपण्याआधी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. ॲप बदललं तरी कागदावरची पोच जुनी होत नाही.